खरा स्वर कोणता?



घरात नवी वस्तू आली म्हणजे जुनी कोपऱ्यात जाते, हा संसाराचा नित्यक्रम होय. पाट्यावरवंट्याची जागा मिक्सरने घेतली तेव्हा चार दिवस चटणीच्या चवीवरून कुरकुर झाली आणि पुढे सर्व शांत झाले. परंतु वस्तू उपासनेच्या उपयोगाची असली म्हणजे प्रश्न एवढ्यावर मिटत नाही. तेथे सोय पाहावी लागते, खर्च पाहावा लागतो आणि त्यापलीकडे सच्चेपणाही पाहावा लागतो.

असा एक प्रश्न सध्या अमेरिका, इंग्लंड व ऑस्ट्रेलिया येथील ख्रिस्तमंदिरांत गिटार वाजविणाऱ्यांपुढे उभा आहे. आपल्या कुटुंबांतील अनेक तरुण नोकरीनिमित्त त्या देशांत स्थायिक झाले आहेत आणि त्यांतील काही रविवारी तेथील गायकवृंदात वाद्ये वाजवितात. म्हणून हा विषय वाटतो तितका दूरचा नव्हे. प्रश्न असा: पिढ्यान्‌पिढ्या वापरात असलेला व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर विकून त्याच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करणारे ‘डिजिटल मॉडेलर’ हे यंत्र घ्यावे काय? आणि देवाच्या घरात नकली स्वर चालतो काय?

प्रथम वस्तू समजून घेऊ. आमच्या वडीलधाऱ्या वाचकांना व्हॉल्व्हचा रेडिओ आठवत असेल. बटण फिरविल्यावर काही क्षण शांतता, मग आत मंद तांबूस उजेड आणि नंतर सावकाश येणारा आवाज. गिटारचा जुना अ‍ॅम्प्लिफायर त्याच घराण्यातला. काचेच्या निर्वात नळीतील तापलेल्या भागातून इलेक्ट्रॉन निघतात व समोरच्या पत्र्याकडे धावतात. मधली जाळी त्यांचा ओघ कमीजास्त करते आणि तारेच्या क्षीण कंपनातून मोठा आवाज निर्माण होतो. ही जाळी अमेरिकेच्या ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ साली बसविली. १९४७ च्या डिसेंबरात बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि पुढे व्हॉल्व्ह रेडिओतून, दूरचित्रवाणीतून व गणकयंत्रांतून हद्दपार झाला. गिटारवाल्यांनी मात्र त्याला सोडले नाही. त्यांचा मोह गुणाचा नव्हता, दोषाचा होता! व्हॉल्व्हवर त्याच्या ताकदीबाहेर भार टाकला की आवाज विकृत होतो खरा. पण ती विकृती एकदम कर्कश नसते. स्वराचे कंगोरे हळूहळू गोल होतात, त्याला काही नवे उपस्वर लाभतात आणि तो उबदार वाटू लागतो.

अडचण अशी की, हा गोडवा आवाज बराच वाढविल्यावरच येतो. इंग्लंडमधील व्हॉक्स कंपनीचा ‘एसी ३०’ हा अ‍ॅम्प्लिफायर या मंडळींत फार प्रिय. आयर्लंडच्या यू टू या वृंदातील गिटारवादकाने त्यावर प्रतिध्वनीची जी शैली घडविली, तिचा आजच्या इंग्रजी भक्तिसंगीतावर मोठा प्रभाव आहे. हे धूड सुमारे तीस किलो वजनाचे, आणि नावाप्रमाणे शक्ती अवघी तीस वॅट. तरी लहानशा मंदिरात ते पुरते उघडले तर पुढच्या बाकावरील आजीबाईंना प्रार्थनेऐवजी कानात बोटे घालावी लागतील. शिवाय त्याचा आवाज गाणाऱ्यांच्या मायक्रोफोनमध्ये शिरतो आणि शब्द बुडतात. कोणी अ‍ॅम्प्लिफायर मागच्या खोलीत ठेवला, कोणी पेटीत कोंडला, कोणी त्याचे तोंड भिंतीकडे केले. इतक्या खटपटी करूनही वाद्यवृंद आणि ध्वनियंत्रणा सांभाळणारा स्वयंसेवक यांच्यातील धुसफूस संपली नाही.

मॉडेलरने ही धुसफूस पुष्कळशी मिटविली. हे यंत्र तारेच्या कंपनाचे सेकंदाला सुमारे अठ्ठेचाळीस हजार वेळा मोजमाप करून त्याचे आकडे बनविते. त्या आकड्यांवर गणिताचे असे संस्कार करते की, व्हॉल्व्ह, त्याची पेटी व तिच्यापुढचा मायक्रोफोन यांनी मिळून जे केले असते तेच बाहेर यावे. या कामी लागणारा वेळ एका सेकंदाच्या हजारांश भागांत, बहुधा दोनतीन भागांत मोजावा लागतो. तेवढ्या अवधीत ध्वनी हवेतून जेमतेम एक मीटर चालतो. म्हणजे वादकाने अ‍ॅम्प्लिफायरपासून एक पाऊल मागे उभे राहावे, इतकाच काय तो फरक. लाइन सिक्स कंपनीचा लाल रंगाचा ‘पॉड’ १९९८ साली आला, जर्मनीचे ‘केम्पर’ यंत्र २०११ साली आले, ‘हेलिक्स’ २०१५ साली आले. प्रत्येक पिढीगणिक नक्कल अस्सलाच्या अधिकाधिक जवळ गेली. आज दोन किलोचे यंत्र पिशवीत घालून वादक येतो, एक तार ध्वनियंत्रणेला जोडतो, आपला आवाज कानातल्या लहान श्रवणयंत्रात ऐकतो आणि व्यासपीठ निःशब्द राहते. शाळेचे सभागृह भाड्याने घेऊन दर रविवारी सर्व मांडामांड व आवराआवर करणाऱ्या लहान मंडळ्यांना तर हे वरदानच वाटले.

आणखी दोन कारणे आहेत. व्हॉल्व्ह झिजतात व बदलावे लागतात. एकेकाळी ते अनेक देशांत बनत. आपल्या बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही रेडिओचे व्हॉल्व्ह बनविले. आता गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरचे व्हॉल्व्ह मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया व चीन येथील मोजक्या कारखान्यांतून येतात. २०२२ साली युक्रेनवरील आक्रमणानंतर रशियाने निर्यातीवर निर्बंध घालताच बाजारात टंचाईची धावपळ उडाली आणि भाव कडाडले. दुसरे कारण कानांचे. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या शिफारशीप्रमाणे पंचाऐंशी डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास सहन करता येतो. शंभर डेसिबलला मात्र ती मर्यादा अवघ्या पंधरा मिनिटांवर येते. जो मुलगा वीस वर्षे दर रविवारी वाजविणार, त्याच्या आईने हा हिशेब अवश्य करावा.

हे सर्व मान्य करूनही जुने वादक म्हणतात, “सोय झाली, पण सत्य गेले. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा!” या आक्षेपाला हसण्यावारी नेऊ नये. त्यामागे एक सात्त्विक भीती आहे. देवापुढे सोंग नको, ही ती भीती होय.

परंतु या भीतीचा इतिहास पाहिला म्हणजे मनास थोडा धीर येतो. १९३५ साली अमेरिकेत लॉरेन्स हॅमंड यांनी विजेवर चालणारा ऑर्गन बाजारात आणला. पाइप ऑर्गन बनविणारे खवळले. सरकारच्या व्यापार आयोगापुढे तक्रार गेली आणि १९३७ साली शिकागो विद्यापीठाच्या रॉकफेलर चॅपलमध्ये कसोटी झाली. तेथील भव्य पाइप ऑर्गन व हॅमंडचे यंत्र आळीपाळीने वाजवून, कोणते कधी वाजले हे श्रोत्यांनी ओळखावयाचे होते. संगीतज्ञांचाही अंदाज सुमारे एक तृतीयांश वेळा चुकला. विद्यार्थ्यांचा तर जवळजवळ निम्म्या वेळा, म्हणजे नाणे उडवून उत्तर द्यावे तसा. तरीही १९३८ साली आयोगाने हॅमंड कंपनीला जाहिरातीतील काही अतिरंजित दावे करण्यास मनाई केली. वाचकहो, यातील मर्म ध्यानात घ्यावे. बंदी वाद्यावर आली नाही, बढाईवर आली.

पुढे तर मौज झाली. ज्याला नकली म्हणून हिणविले, तोच हॅमंड ऑर्गन अमेरिकेतील कृष्णवर्णीय ख्रिस्ती मंडळ्यांच्या भक्तिसंगीताचा आत्मा बनला. त्याला स्वतःचा असा स्वर लाभला. आता डिजिटल यंत्रे त्या हॅमंडचीच नक्कल करतात आणि जुने जाणते म्हणतात की, अस्सल हॅमंडची सर तिला नाही! मग पाइप ऑर्गन तरी अस्सल काय? त्याच्या खुंट्यांवरील नावे वाचावीत: बासरी, तुतारी, इतकेच नव्हे तर ‘व्होक्स ह्युमाना’, म्हणजे मानवी कंठ. नक्कल ही संगीतात नवी नाही. आपल्याकडे आकाशवाणीने १९४० साली बंदी घातलेल्या हार्मोनियमला तेथे पुन्हा प्रवेश मिळण्यास १९७१ साल उजाडले. तोवर कीर्तनात, नाट्यगृहात व भजनीमंडळांत पेटीने आपले स्थान केव्हाच पक्के केले होते. मिरजेच्या कारागिरांचा तानपुरा आजही मानाने नांदतो आणि रियाजाला बसणारी मुलगी शेजारी इलेक्ट्रॉनिक तानपुरा लावते. तिचा षड्ज त्यामुळे खोटा ठरत नाही.

पवित्र ख्रिस्तसभेने या विषयाचा विचार वेळोवेळी केला आहे. पोप दहावे पायस यांनी १९०३ साली चर्चमध्ये पियानो, ढोल, झांजा यांस मनाई केली. १९५८ साली रोमहून निघालेल्या संगीतविषयक सूचनेत विजेच्या ऑर्गनला, पाइप ऑर्गनची ऐपत नसेल तेथे, धर्माधिकाऱ्यांच्या परवानगीने तात्पुरती मुभा मिळाली. मात्र ग्रामोफोन, ध्वनिफीत इत्यादि आपोआप वाजणारी साधने उपासनाविधीत सर्वथा वर्ज्य ठरविली. १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने पाइप ऑर्गनचा मान राखून इतर वाद्यांनाही दार उघडले. ती पवित्र उपयोगास योग्य असावीत, मंदिराच्या प्रतिष्ठेस शोभावीत आणि त्यांनी भाविकांच्या भक्तीची खरोखर वाढ करावी, एवढ्याच अटी घातल्या. नियम बदलत गेले तरी १९५८ च्या सूचनेतील एक भेद आजही विचारार्ह वाटतो. तो लाकूड आणि वीज यांतील भेद नव्हे. मनुष्य वाजवितो की यंत्र आपोआप वाजते, हा तो भेद होय.

या कसोटीवर मॉडेलर घासून पाहू. त्यात तार छेडणारे बोट माणसाचेच असते. बोट चुकले तर स्वर चुकतो. मन विचलित झाले तर ताल डळमळतो. नाचता येईना अंगण वाकडे, ही सबब जुन्या अ‍ॅम्प्लिफायरपुढेही चालत नव्हती आणि नव्या यंत्रापुढेही चालत नाही. यास्तव मॉडेलर वाजविणारा तरुण सोंग करीत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

सोंगाची वाट दुसरीकडूनच येते. या यंत्रांसाठी विशिष्ट गीतांचे तयार नमुने विकत मिळतात. सिडनीच्या वा कॅलिफोर्नियाच्या एखाद्या मोठ्या मंडळीच्या ध्वनिमुद्रणात गिटार जशी वाजली, तशीच ती आपल्या चाळीस माणसांच्या मंडळीत वाजावी, अशी ही सोय! तिच्या जोडीला आधीच मुद्रित केलेले वाद्यसंगीत येते व कानात ठोका देणारे घड्याळ येते. मग गीत भाविकांच्या श्वासाने चालत नाही, घड्याळाने चालते. शेवटचे कडवे पुन्हा म्हणावे असे लोकांना वाटले तरी पुढचे संगीत ठरल्या क्षणी सुरू होते. येथे नक्कल अ‍ॅम्प्लिफायरची राहत नाही, दुसऱ्याच्या उपासनेची होते. हिची भीती अधिक बाळगावी.

दुसरा धोका कानातील श्रवणयंत्राचा. वादकाला आपली गिटार स्वच्छ ऐकू येते, सोबत्यांची वाद्ये ऐकू येतात; ऐकू येत नाही ती समोरची मंडळी. तिच्यासाठीच तर तो वाजवीत असतो! यावर उपाय सोपा आहे व जाणते ध्वनिसंयोजक तो करतात: एकदोन मायक्रोफोन भाविकांच्या दिशेने लावून त्यांचे गाणे वादकांच्या कानात मिसळावे. चूल फुंकणाऱ्याने भात शिजला की नाही हे पाहिलेच पाहिजे.

तिसरी गोष्ट पैशाची. अशी यंत्रे काही शे डॉलरपासून दोन हजारांच्या पुढेही मिळतात आणि दर चारपाच वर्षांनी नवे आले की जुने फिके वाटू लागते. साठ वर्षांपूर्वीचा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर चांगला कारागीर आजही दुरुस्त करतो. बंद पडलेल्या डिजिटल यंत्राचा भाग मिळणे कंपनीच्या मर्जीवर असते. तेव्हा ज्याच्याकडे सुस्थितीतील जुना अ‍ॅम्प्लिफायर आहे, मंदिर मोठे आहे व आवाज आवरता येतो, त्याने केवळ सर्वांनी बदलला म्हणून तो विकू नये. आणि ज्याच्या पाठीला तीस किलोचे ओझे झेपत नाही, किंवा ज्याच्या मंडळीत वृद्ध व तान्ही मुले जवळ बसतात, त्याने नवे यंत्र घेताना अपराधी वाटून घेऊ नये. दोघेही प्रामाणिक असू शकतात.

आईबापांना एवढेच सांगावेसे वाटते: परदेशातील मुलाने नवे यंत्र घेतल्याचे कळविले तर त्याची किंमत विचाराच, पण तेथेच थांबू नका. तुझ्या वादनाने लोक अधिक गातात की गप्प राहून ऐकतात, हेही विचारा. लोक गात असतील तर स्वर व्हॉल्व्हमधून आला की आकड्यांतून, याची चौकशी देव करणार नाही. लोक गप्प राहत असतील तर जगातील सर्वांत अस्सल अ‍ॅम्प्लिफायरही तेथे परकाच होय.