वास न येणारा स्टेक

‘हेल्दी स्टेक’ नावाचा एक प्रकार सध्या फोनवर फार फिरतोय. एअर फ्रायर 200 अंशांवर, एका बाजूनं पाच-सहा मिनिटं, मग उलटा, वर लोण्याची चकती, आणि खाली ओळ: तेल जवळपास शून्य. मला भांडायचंय ते या ओळीशी.

एअर फ्रायर आला कशासाठी? फिलिप्सनं 2010 साली बर्लिनच्या प्रदर्शनात तो मांडला तेव्हा डोळ्यांसमोर होत्या बटाट्याच्या फ्राइज. कढईभर तेलात तळायची वस्तू गरम हवेच्या झोतात कुरकुरीत करायची, ही कल्पना. फ्राइजसाठी ती चोखच आहे. पण स्टेक कधी कुणी कढईत तळला होता? त्याला लागतं चमचाभर तेल. म्हणजे चार-पाच हजारांचं यंत्र घेऊन आपण वाचवला तो एक चमचा, आणि त्यावर शेवटी लोणी घातलं दोन चमचे. रविवारी भजी मात्र कढईतच. तब्येतीचा हिशेब असा असतो होय?

बरं, चवीचं तरी काय? ओव्हनमधली हवा 200 अंशांवर असताना त्यात क्षणभर हात घातला तर गरम लागतं, एवढंच. तेवढ्याच तापलेल्या तव्याला बोट लावून बघा. (नका लावू.) हवा उष्णता पोचवते फार सावकाश, धातू थेट चिकटून देतो. मांसाचा वरचा थर खरपूस व्हायचा तर आधी त्यावरचं पाणी उडावं लागतं, म्हणजे तो थर शंभर अंशांच्या पुढे जावा लागतो. साधारण 140 अंशांपासून पुढे ती तपकिरी जादू जोरात सुरू होते, जिला 1912 साली फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ माय्यार यानं वाट दाखवली. तापलेल्या तव्यावर हे दीड-दोन मिनिटांत होतं. फ्रायरमध्ये पृष्ठभाग तिथवर पोचेपर्यंत इंचभर जाडीच्या तुकड्याचं पोट शिजून करडं झालेलं असतं. आतून गुलाबी आणि बाहेरून काळपट-तपकिरी, या दोन्ही गोष्टी एकत्र हव्यात म्हणून तर स्टेक करायचा. नाहीतर आपलं सुकं मटण काय वाईट आहे?

(जाता जाता: तव्यावर भाजल्यानं ‘रस आत कोंडला जातो’ हेही खोटं. एकोणिसाव्या शतकात लीबिग नावाच्या मोठ्या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं ते पसरवलं आणि अजून शेफ लोक छातीठोकपणे सांगतात. तव्यानं मिळते ती चव. रस कोंडत नाही.)

बरं, हा तवा आणायला कुठे जावं लागत नाही. परदेशातले व्हिडिओ ज्या कास्ट आयर्न स्किलेटचे गोडवे गातात, तो म्हणजे आपला बिडाचा तवा. आंबोळ्या-घावन्यांसाठी आजीनं वर्षानुवर्षं तेल पाजून काळाभोर केलेला. तो माळ्यावर, आणि ओट्यावर प्लास्टिकचं अंडं. हे का झालं, याचं उत्तर ना तेलात आहे ना चवीत. ते आहे धुरात.

पुण्या-मुंबईत भाड्यानं घर शोधलेल्या कुणालाही हे समजावून सांगायला नको. ब्रोकरचा तिसरा प्रश्न ‘नॉनव्हेज खाता का?’ हा असतो. काही मालक उदार असतात: खा, पण बनवू नका. बनवा, पण वास येऊ देऊ नका. अकरा महिन्यांच्या करारात हे नेहमी लिहिलेलं नसतं, जिन्यात सांगितलेलं असतं. सुके बोंबील भाजले म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर आलेला मेसेज माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांनी वाचलाय. अशा घरात ‘नो स्मोक, नो स्मेल’ म्हणत एक डबा येतो, तेव्हा तो का विकला जातो हे उघड आहे. फक्त आपण ते तसं म्हणत नाही. आपण म्हणतो, कोलेस्टेरॉल.

आणि स्टेक म्हणजे बोंबीलही नव्हे. महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीवर 1976 च्या कायद्यानं बंदी होतीच. 2015 मध्ये बैल आणि वळूही त्यात आले. म्हणजे इथल्या खाटकाकडचा स्टेक हा म्हशी-रेड्याचा, ‘बडे का’. तो कायदेशीर आहे. 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्या कायद्यातलं, राज्याबाहेर कापलेल्या गोवंशाचं मांस नुसतं जवळ बाळगणं हाही गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं, आणि आपल्या घरात काय खावं हा खासगी आयुष्याचा भाग आहे, ही भूमिका घेतली. न्यायालयानं दिलेला हा खासगीपणा आपण कसा वापरतो? खिडकी लावून, डबा बंद करून, मेनूकार्डावर ‘टेंडरलॉइन’ असं जनावराचं नाव न घेता लिहून.

शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ 2015 मध्ये आलं. मराठवाड्यातल्या महार-मांग घरांतलं खाणं त्यात पाककृतींसकट आहे. त्यातल्या चान्या, म्हणजे मांसाच्या वाळवलेल्या पट्ट्या, दोरीवर उन्हात वाळत घालायच्या असतात. ते लपवता येत नाही. गावानं त्या माणसांना वेशीबाहेर ठेवलं त्यामागे त्यांच्या ताटाचं निमित्तही होतंच. आता तेच जनावर ‘बफ स्टेक, मीडियम रेअर’ होऊन मधल्या आळीतल्या पोरांच्या ताटात आलं, हे मला आवडतंच. पण येताना त्यानं आपला वास मागे ठेवावा, ही अट जुनीच आहे. ती अट पाळणाऱ्या यंत्राला ‘लाइफस्टाइल’ म्हणणं मला जमत नाही.

गंमत म्हणजे यंत्र ती अट पाळतही नाही. एअर फ्रायरच्या मागे झरोका असतो. आतली हवा पंख्यानं तिथूनच बाहेर फेकली जाते. धूर कमी होतो, वास येतोच. आणि जितका कमी येतो तितका स्टेक फिका, कारण खरपूसपणाची चव आपण बरीचशी नाकानंच घेतो. ती ज्या रेणूंत आहे तेच उडून शेजाऱ्यांकडे जातात.

यावर कुणी म्हणेल, माझं घर जाईल त्याचं काय? त्या माणसाशी माझं भांडण नाही. डिपॉझिट अडकलंय, ऑफिस जवळ आहे, त्यानं डब्यातच करावा आणि शांतपणे खावा. माझं भांडण आहे ते ज्याचं स्वतःचं घर आहे, ज्याला कुणी विचारणार नाही, आणि तरी जो ‘किती क्लीन!’ म्हणून नाचतो त्याच्याशी. क्लीन म्हणजे काय, आणि घाण कोण, हे त्यानं एकदा स्वतःला विचारावं.

यंत्र घेतलंच आहे तर त्याचा खरा उपयोगही आहे, तो सांगतो. खाटकाकडून अंडरकट घ्या, दीड इंच जाड कापून. म्हशीच्या मांसात चरबी कमी, ते पटकन कोरडं पडतं, म्हणून बाकीचे भाग रश्श्यालाच ठेवा. आदल्या रात्री मीठ लावून फ्रिजमध्ये उघडं ठेवा, वरचा भाग सुकतो. फ्रायर 120 अंशांवर लावून आतलं तापमान पन्नाशीला येईपर्यंत हळूहळू गरम करा, थर्मामीटर लागेल. मग बिडाचा तवा धूर येईस्तोवर तापवा, थोडं तेल, एकेक बाजू मिनिटभर. पोटात 55 च्या आसपास गुलाबी मिळतो. धास्ती वाटत असेल तर 63 पर्यंत नेऊन तीन मिनिटं तसाच ठेवा. धूर होईल, भरपूर होईल. खिडकी उघडा. लोणी अगदी शेवटी घाला, आधी घातलं तर जळतं.