टाकाही जपा, पावतीही

१९४८ ला पॅलेस्टाईनच्या सात लाखांवर माणसांना घरदार सोडावं लागलं. छावणीतल्या बाया अजून झग्यावर गावाकडची नक्षी भरतात, ताटात जैतुनाचं तेल वाढतात. पण त्यांनी नुसता टाका अन् चव जपली नाही. घराच्या चाव्या, जमिनीचे कागदही जपले.

आपल्या जालन्यात गायरान कसणारे भिल्ल-पारधी उसतोडीला जाताना गोधडी संगं नेतात. ९ ऑगस्टला तीच गोधडी, तीच भाकर मांडवात मांडा म्हणतात. मांडू की! पण सातबाऱ्याचं काय? १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची वहिती कायम करायचा शासन निर्णय २८ नोव्हेंबर १९९१ चा आहे. म्हणून पोरींना टाका शिकवा, अन् दंडाची जुनी पावती पेटीत गोधडीखाली सांभाळा. जमीन गेली तर भाकर नुसती दाखवायपुरती उरंल.