विटांचे देऊळ



दिवाळी सरली की आमच्या मोखाडा-जव्हार भागातील कितीतरी आदिवासी कुटुंबे भिवंडी-वसईकडील वीटभट्ट्यांवर निघतात, ती पावसाच्या तोंडावर परततात. त्यांचे हे जाणे-येणे पाहत असूनही वीट माझ्या लेखी घरकर्जाच्या अंदाजपत्रकातील एक रक्कम होती. ती समजूत धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे मोडली.

तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथानुसार येथून जाडेभरडे कापड व मलमल गाड्यांनी भडोच बंदरास जात असे. आपल्या व्यवसायाची पेठ जुनी आहे! ‘करकंडचरिउ’ या अपभ्रंश काव्यातील तेरापूरही हेच; धाराशिवच्या जैन लेण्यांची कथा त्यात आली आहे.

तेथील त्रिविक्रम मंदिर विटांचे आहे. त्याची मागची बाजू हत्तीच्या पाठीसारखी गोलाकार, म्हणून या रचनेस गजपृष्ठ म्हणतात. छताला कमानीचा आधार नाही. विटांचा प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा किंचित आत सरकवत दोन्ही भिंती वर जुळविल्या आहेत. हे मूळचे बौद्ध चैत्यगृह असावे, असे हेन्री कझेन्स यांचे मत होते. सर्वच अभ्यासकांना ते मान्य नाही. उत्तरेश्वर व कालेश्वर ही तेथील आणखी दोन वीट-मंदिरे. कालेश्वराच्या शेजारी गोरोबाकाकांचे स्थान आहे. मातीच्या कारागिराला याहून शोभेसा शेजार कोणता?

या विटा वजनाला हलक्या आहेत. मातीत भाताचे तूस मिसळले की ते भट्टीत जळून जाते आणि वीट सच्छिद्र होते. अशा विटेला चुन्याची सोबत हवी. सिमेंट ओल बाहेर पडू देत नाही. आत कोंडलेले क्षार विटेचा भुगा करतात.

हे सांगण्यास कारण घडले. एका गावच्या मंदिराच्या सभेत जुना विटांचा गाभारा उतरवून संगमरवरी बांधण्याचा विषय निघाला, त्यास ‘जीर्णोद्धार’ म्हटले होते. जीर्णाचा उद्धार की जीर्णाची विल्हेवाट, असे मी विचारले. काहींना ते रुचले नाही. देणगीदाराच्या नावाची पाटी जुन्या भिंतीवर शोभत नाही, ही अडचण कोणी बोलून दाखविली नाही, इतकेच.

चुन्याचे काम जाणणाऱ्या कारागिराकडून दुरुस्तीचे अंदाजपत्रक मागवावे, ही माझी सूचना इतिवृत्तात नोंदली गेली आहे. पुढील सभा पर्युषणानंतर आहे.