हवालदारास सहाय्यक कोणीं ठरविलें?

केडगांवच्या बाजारांत कांद्याचा ढीग ओतला कीं व्यापारी आधीं त्यांत हात घालतो. गोळा कोणता, गोल्टी कोणती, चिंगळी कोणती, हें माल पाहून ठरतें. गोणी पाटलाची आहे म्हणून गोल्टीस गोळ्याचा भाव कोणी देत नाहीं. नाटकांच्या पारितोषिकांत मात्र एवढी साधी प्रतवारी अजून बसलेली नाहीं, आणि त्याचा तोटा जाहिरातींत ज्याचें नांव बारीक अक्षरांत असतें त्या नटास सोसावा लागतो.

अमेरिकेंतील टोनी पारितोषिकांचेंच पहा. ज्याचें नांव नाटकाच्या नांवावर छापलें तो प्रमुख, खालीं छापलें तो सहाय्यक, असा तेथील मूळ दंडक. समितीस वाटलें तर ती तो फिरविते. १९५२ सालीं यूल ब्रिनर यास ‘द किंग अँड आय’ मधील राजाच्या कामाबद्दल सहाय्यक नटाचें पारितोषिक मिळालें. राजा, आणि सहाय्यक! तेंच काम त्यानें चित्रपटांत केलें, तेव्हां १९५७ सालीं ऑस्कर मिळालें तें प्रमुख नटाचें. ‘कॅबरे’ नाटकांतील सूत्रधार १९६७ सालीं जोएल ग्रे यानें केला तो सहाय्यक ठरला. १९९८ सालीं ॲलन कमिंग यानें केला तो प्रमुख. सोंग एकच, रास मात्र दुसरी.

आपल्याकडे तऱ्हा निराळी. राज्य नाट्य स्पर्धेंत अभिनयाचीं रौप्यपदकें पुरुष व स्त्री एवढाच भेद करून देतात. खासगी संस्था प्रमुख आणि सहाय्यक अशा दोन राशी घालतात. एका ठिकाणीं दहा मिनिटांचा नोकर तीन अंकांच्या नायकाशीं झुंजतो. दुसरीकडे त्यास स्वतंत्र जागा आहे, पण त्या जागेवर एखादा नामांकित नट आणून बसविला तर गरिबानें जावें कोठें?

चौफुल्याच्या वाटेनें जाणाऱ्या आमच्या वाचकांस तमाशा शिकवावयास नको. दरबारांत राजा वर, हवालदार तळाशीं. पण १९६५ सालच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ मध्यें लोक पाहावयास गेले ते दादा कोंडके यांचा हवालदार! कवलापूरच्या लहू व अंकुश खाडे या जुळ्या भावांनीं ‘जहरी प्याला’ वगांत काळू आणि बाळू हे हवालदार असे रंगविले कीं सोंगाचेंच नांव फडास पडलें. हुद्दा पाहून निवाडा केला असता तर हे सगळे सहाय्यकच ठरले असते.

म्हणून सहाय्यकाची रासच मोडा, असें कोणी सुचवितात. तें आम्हांस पटत नाहीं. मग आई, म्हातारा, गडी यांचीं कामें करणारांस पदक दिसणारच नाहीं. रास ठेवा, पण ती निर्मात्याच्या अर्जावरून ठरवूं नका. प्रयोग पाहून, कथेचा भार कोणाच्या खांद्यावर होता तें परीक्षकांनीं ठरवावें, आणि हा नियम स्पर्धेपूर्वीं छापून सर्वांस द्यावा. दौंड-शिरूर भागांत गणेशोत्सवांत किंवा जत्रेंत एकांकिका भरविणाऱ्या मंडळांस यास दमडी खर्च नाहीं. अर्जांत नटाचें व पात्राचें नांव मागावें, आणि प्रमुख कीं सहाय्यक हा रकाना पडदा पडेपर्यंत कोरा ठेवावा.