पानं ओरबाडू नका हो!

मंडळी, आजचा विषय वाईनचा. (पुण्याच्या वहिनींनी डोळे वटारू नयेत, मी घेत नाही. पण भाच्याची दिंडोरीकडे वाईनच्या द्राक्षांची बाग आहे, तेव्हा बोलणारच.) त्याला खरेदीदाराच्या माणसाने सांगितलं, "घडासमोरची सगळी पानं काढा, ऊन लागू दे, गोडी भरेल."

अहो, साखर पानात तयार होते हे आम्ही सातवीच्या पोरांना शिकवत होतो! पानं काढून गोडी वाढवायची, म्हणजे स्वयंपाकीण घालवून पंगत वाढायची. मग ब्रिक्स वाढलेला दिसतो तो कसा? मण्यातलं पाणी उडतं म्हणून. मणी सुकतो, आकडा चढतो आणि काट्यावर वजन घटतं. तोटा कोणाचा? भाच्याचा.

हा सल्ला मुळात थंड मुलखातला. ज्या बोर्डोच्या नावाचं मिश्रण आपण फवारतो, तिथे द्राक्षं सप्टेंबर-ऑक्टोबरात पिकतात. दिवस लहान होत असतात, हवा गार, दमट. तिथे घड उघडे करणं शहाणपणाचं. आपल्याकडे फळछाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरात आणि तोडणी जानेवारीअखेर ते मार्च. म्हणजे तिकडे हवा गार होत जाताना घड पिकतो, इकडे तापत जाताना. उलटाच हिशेब!

पान बाष्प सोडून स्वतःला गार ठेवतं, मण्याला ते फारसं जमत नाही. दुपारच्या उन्हातला मणी हवेपेक्षा दहा-बारा अंशांनीही जास्त तापू शकतो. मार्चमधल्या नाशिकची दुपार धरा चौतीस अंशांची, आणि करा बेरीज. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात मर्लो द्राक्षांवर एक प्रयोग झाला, २००२ साली प्रसिद्ध झाला. उन्हातले घड गार हवा सोडून थंड ठेवले, तर रंग वाढला. सावलीतले मुद्दाम तापवले, तर घटला. उजेड हवा, भट्टी नको. शिवाय तापलेल्या मण्यातलं मॅलिक आम्ल जळून जातं. मग वाईन बेचव होऊ नये म्हणून वायनरीत वरून टार्टारिक आम्ल घालावं लागतं. आधी वेलीवर घालवायचं, मग पोत्यातून आणायचं!

याचा अर्थ मांडव गच्च वाढू द्या असा नाही. कोंदट सावलीत भुरी माजते, कॅबर्नेला ढोबळी मिरचीचा वास येतो. ओळी दक्षिणोत्तर असतील तर पूर्वेची थोडी पानं जरूर काढा, सकाळचं कोवळं ऊन चांगलंच. पश्चिमेची मात्र ठेवा, बगलफुटीही ठेवा. आणि एप्रिलमधल्या खरड छाटणीनंतर काड्या मोकळ्या राहू द्या, कारण पुढच्या घडांची तयारी डोळ्यांत तेव्हाच होते, तिथे ऊन लागतंच. एकाच वेलीला वर्षात दोन नियम, हे त्या फटफटीवरून आलेल्या साहेबांना कोणी सांगायचं?

त्यांचाही सगळा दोष नाही म्हणा. दर ठरतो ब्रिक्सवर आणि टनावर, रंग नि आम्ल कोण मोजतो? चिरंजीव, पुढच्या हंगामाच्या करारात ब्रिक्सशेजारी पीएच आणि आम्लाचे दोन रकाने मागून घे. तोवर पश्चिमेच्या पानाला हात लावलास तर मामीशी गाठ आहे.