नकाशावरच्या दोन रेघा

२०२५ च्या फेब्रुवारीत जगाच्या नकाशावर एक रेघ ओढली गेली होती. प्रशांत महासागराच्या पूर्व भागात सुरू होऊन ती दक्षिण अमेरिकेचे उत्तर टोक, अटलांटिक, आफ्रिका आणि अरबी समुद्र ओलांडत दक्षिण आशियात येत होती. मुंबई त्या रेघेवर होती, कोलकाता आणि ढाकाही. ‘२०२४ वायआर४’ हा लघुग्रह २२ डिसेंबर २०३२ रोजी पृथ्वीवर आदळलाच, तर याच पट्ट्यात कुठेतरी आदळेल, असे गणित सांगत होते. हा खडक साधारण ६० मीटरचा, म्हणजे पंधरामजली इमारतीएवढा. मानवजात संपवण्याइतका तो मोठा नव्हता, पण एखादे महानगर उद्ध्वस्त करायला पुरेसा होता.

हा खडक २७ डिसेंबर २०२४ रोजी चिलीतल्या दुर्बिणीला दिसला. धडकेची शक्यता एक टक्क्यावर जाताच आंतरराष्ट्रीय लघुग्रह इशारा जाळ्याने जानेवारीअखेर रीतसर सूचना दिली. ती द्यायची की नाही यावर कुणाला बैठक घ्यावी लागली नाही, कारण किती टक्क्यांना सूचना द्यायची हे आधीच ठरलेले होते. १८ फेब्रुवारीला शक्यता ३.१ टक्क्यांवर गेली. या आकाराच्या कोणत्याही लघुग्रहासाठी आजवर नोंदलेला हा सर्वांत मोठा आकडा. त्यानंतरच्या आठवड्याभरात तो जवळजवळ शून्यावर आला.

‘शास्त्रज्ञांनी उगाच घाबरवले’ असे तेव्हा अनेकांनी म्हटले. ते साफ चुकीचे होते. नव्याने सापडलेल्या खडकाची कक्षा पहिल्या काही निरीक्षणांत ढोबळच कळते. ठरलेल्या दिवशी तो जिथे असू शकेल असा पट्टा लाखो किलोमीटर लांब असतो आणि पृथ्वी त्यातला एक ठिपका असते. रोजच्या नव्या मोजमापांनी पट्टा आखूड होत जातो. पृथ्वी अजून पट्ट्यातच असेल, तर आखूड होत चाललेल्या पट्ट्यात तिचा वाटा वाढतो आणि टक्केवारी चढते. पट्ट्याचे टोक पृथ्वीच्या अलीकडे सरकले की टक्केवारी एकदम कोसळते. म्हणजे आकड्याचा चढउतार हीच काम नीट चालल्याची खूण होती. हे सगळे गणित जगासमोर उघड्यावर चालले होते. कुणीही खगोलशास्त्रज्ञ निरीक्षणे पाठवू शकत होता, आणि कुणालाही कक्षा पडताळून पाहता येत होती.

महाराष्ट्राला अशा धडकेची कल्पना करावी लागत नाही. बुलढाणा जिल्ह्यातले सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे लोणारचे विवर अशाच आघाताने बेसॉल्टमध्ये खोदले गेले आहे. असे खडक शोधण्याच्या कामात इथली मुलेही आहेत. ऑगस्ट २०२० मध्ये पृथ्वीपासून अवघ्या २,९५० किलोमीटरवरून गेलेला ‘२०२० क्यूजी’ हा छोटा लघुग्रह शोधणाऱ्यांत आयआयटी मुंबईचा एक विद्यार्थी होता. कॅलिफोर्नियातल्या दुर्बिणीने टिपलेल्या शेकडो प्रतिमांतून खरी रेघ वेचून काढण्याचे ते काम. खडक मात्र जवळून निघून गेल्यावर दिसला होता, हेही सांगायला हवे. १४० मीटरहून मोठ्या पृथ्वीनिकट लघुग्रहांपैकी अजून अर्धेही सापडलेले नाहीत.

तरीही या संकटाबाबत माणसाने जे केले, त्याचा अभिमान वाटावा. २६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाचे ‘डार्ट’ यान डायमॉर्फोस या सुमारे १६० मीटरच्या खडकावर मुद्दाम आदळवण्यात आले आणि त्याच्या प्रदक्षिणेचा काळ अर्ध्या तासाहून अधिक घटला. अवकाशातल्या एका खडकाचा मार्ग माणसाने ठरवून बदलला, तोही संकट दारात नसताना.

पण अवकाशातून येणारे संकट हे मोठ्या संकटांमधले सर्वांत दुबळे आहे. ज्या दोन गोष्टींनी येत्या शतकात माणसाची वाताहत होण्याची खरी भीती आहे, त्या, म्हणजे अण्वस्त्रे आणि रोगजंतू, माणसाच्याच हातात आहेत. तिथे असा पहारा नाही.

६ जून २००२ रोजी भूमध्य समुद्रावर, ग्रीस आणि लिबियाच्या दरम्यान, एक छोटा लघुग्रह वातावरणात फुटला. स्फोटाची ताकद हिरोशिमावरच्या बॉम्बएवढी किंवा थोडी अधिक होती. त्या वेळी ‘ऑपरेशन पराक्रम’मध्ये भारत आणि पाकिस्तानच्या फौजा समोरासमोर उभ्या होत्या. अमेरिकी हवाई दलाचे ब्रिगेडियर जनरल सायमन वॉर्डन यांनी त्याच वर्षी जाहीरपणे सांगितले की, हाच खडक काही तास आधी आला असता तर त्याच अक्षांशावर, पण भारत-पाकिस्तानच्या आकाशात फुटला असता. तो लघुग्रह होता की अणुबॉम्ब, हे ओळखण्याची साधने दोन्ही देशांकडे नव्हती. कोट्यवधी माणसांचा जीव त्या दिवशी पृथ्वी किती फिरली आहे यावर अवलंबून होता. नंतर कुणी त्याबद्दल फारसे बोललेही नाही.

आता दुसरी रेघ. ती काढायला तेरा वर्षे थांबावे लागले.

एप्रिल १९७९ मध्ये सोव्हिएत रशियातल्या स्वेर्दलोव्स्क शहरात लोक तापाने आणि श्वास कोंडून मरू लागले. किमान ६६ जण गेले. रोग होता अँथ्रॅक्स. दूषित मांस खाल्ल्याने साथ आली, असे सरकारने सांगितले आणि वर्षानुवर्षे तेच सांगितले. रुग्णालयातल्या नोंदी केजीबीने उचलून नेल्या. शवविच्छेदन करणाऱ्या फाइना अब्रामोवा यांनी मृतांच्या ऊतींचे नमुने मात्र जपून ठेवले. १९९२ मध्ये, सोव्हिएत संघ कोसळल्यावर, हार्वर्डचे जीवशास्त्रज्ञ मॅथ्यू मेसेल्सन यांचा गट तिथे पोहोचला. त्या गटातल्या जीन गिलमिन घरोघर गेल्या. गेलेला माणूस कुठे राहत होता, त्या सोमवारी, २ एप्रिलला, दिवसा कुठे कामावर होता, हे त्यांनी घरच्यांना विचारले. ही ठिकाणे नकाशावर मांडली तेव्हा जवळपास सगळी एका अरुंद पट्ट्यात आली. पट्टा एका लष्करी केंद्रापासून सुरू होत होता आणि त्या दिवशीच्या वाऱ्याच्या दिशेने शहराच्या दक्षिण टोकापर्यंत जात होता. पुढे त्याच दिशेला गावांतली गुरे मेली होती. जंतू हवेतून आले होते.

जैविक अस्त्रांवर बंदी घालणारा करार १९७५ पासून अमलात होता. सोव्हिएत रशियाने त्यावर नुसती सही केली नव्हती, करार सांभाळण्याची जबाबदारी असलेल्या तीन देशांपैकी तो एक होता. सही केल्यानंतरही त्याने जंतुअस्त्रांचा प्रचंड कार्यक्रम चालवला, आणि करारात तपासणीची सोयच नसल्यामुळे त्याला दार उघडा असे कुणी म्हणू शकले नाही. ही सोय आजही नाही. जिनिव्हातल्या या कराराच्या कार्यालयात चार माणसे काम करतात, आणि त्यातलेही चौथे पद २०२२ च्या आढावा परिषदेने वाढवून दिले तेव्हा मिळाले. शंभराहून कितीतरी अधिक देशांची जबाबदारी आणि चार माणसे, हे लाजिरवाणे आहे.

जंतूंच्या बाबतीत तपासणी शक्यच नाही, असे उत्तर नेहमी दिले जाते. लस बनवणारी टाकी आणि जंतू वाढवणारी टाकी सारखीच दिसते, औषध कंपन्यांची गुपिते फुटतील, तपासनीस फसवले जातील, अशी कारणे पुढे येतात. २००१ मध्ये तपासणीचा मसुदा अमेरिकेने फेटाळला तो याच धर्तीच्या कारणांवर. अडचणी खऱ्या आहेत. रासायनिक अस्त्रांच्या बाबतीतही हेच आक्षेप होते, कारण कीटकनाशकांचे कारखाने आणि विषारी वायूंचे कारखाने एकाच रसायनशास्त्रावर चालतात. तरी तिथे हेगमध्ये शेकडो कर्मचाऱ्यांची संस्था उभी राहिली, तपासनीस कारखान्यांत गेले, आणि २०२३ च्या जुलैत जगातला जाहीर केलेला शेवटचा साठाही नष्ट झाला. भारताने आपल्याकडे असा साठा असल्याचे १९९७ मध्ये मान्य केले आणि २००९ पर्यंत तपासनिसांच्या देखरेखीखाली तो संपवला. त्याने देशाची सुरक्षा कमी झाली, असे आजवर कुणी दाखवून दिलेले नाही.

शत्रूशीही असा व्यवहार करता येतो. १९९२ पासून दर १ जानेवारीला भारत आणि पाकिस्तान आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. कारगिलनंतर दिल्या, संसदेवरच्या हल्ल्यानंतर दिल्या, पुलवामानंतरही दिल्या. भाषणांमध्ये काहीही चालो, ही याद्यांची देवघेव थांबलेली नाही.

जैविक कराराची पुढची आढावा परिषद उशिरात उशिरा २०२७ मध्ये व्हायची आहे आणि करार बळकट करण्यासाठी नेमलेला कार्यगट त्याआधी प्रस्ताव देणार आहे. तपासणीचे कलम यावे, यासाठी भारताने तिथे पुढाकार घ्यावा. ज्या देशाने रासायनिक अस्त्रांचा हिशेब तपासनिसांना दिला, त्याला हे म्हणण्याचा हक्क आहे. पुण्यातल्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत सर्वोच्च सुरक्षेची, म्हणजे बीएसएल-४ दर्जाची, प्रयोगशाळा आहे. ठरलेल्या नियमांनुसार परदेशी तपासनिसांना आमच्या अशा प्रयोगशाळांत येऊ देऊ, तुम्हीही येऊ द्या, असे भारताने परिषदेत उभे राहून सांगावे. कुणी नाही म्हटले तर निदान कोण नाही म्हणते ते सगळ्या जगाला दिसेल.