खापरपणजी एकटीच आली होती

गेल्या मे महिन्यात आमच्याकडे मॉरिशसची एक पाहुणी आठ दिवस राहून गेली. निवृत्त शिक्षिका. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी, म्हणून मी ताई म्हणू लागले. घरात क्रिओल, शाळेत इंग्रजी-फ्रेंच, आणि मराठी गावातल्या बैठकेत संध्याकाळी गिरवलेली. ‘मी येते’ऐवजी ‘मी येतो’ म्हणायची. कोकणात ते कुणाला खटकलंही नाही.

तिच्या पिशवीत दोन कागद होते. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत करारबद्ध मजुरांच्या जुन्या नोंदवह्या आहेत, त्यांतले उतारे. १८३४ ते १९१० या काळात सुमारे साडेचार लाख माणसं हिंदुस्थानातून त्या बेटावर उसाच्या मळ्यांत कामाला नेली गेली. बहुतेक कलकत्ता आणि मद्रासहून, काही मुंबईहून. मुंबईहून गेलेल्यांत रत्नागिरी आणि घाटमाथ्यावरची मराठी माणसं होती. बंदरावर उतरलेल्या प्रत्येकाला नंबर मिळे आणि वहीत नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, गाव, अंगावरची खूण, बोट असं सगळं उतरवलं जाई.

ताईंच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते की खापरपणजोबा आणि खापरपणजी रत्नागिरी जिल्ह्यातून जोडीनं आले. पणजोबांचा नंबर सापडायला वेळ लागला नाही. भावानं तो संगणकावरच्या वंशवेलीत सगळ्यांत वर घातला आणि खाली मुलगे, नातू, पणतू उतरवत आणले. पणजीसाठी ताई दोन वर्षं शोधत होती. तिचा उतारा हाती आला तेव्हा कळलं की ती दुसऱ्याच बोटीनं, पणजोबांच्या नंतर सहा वर्षांनी आली. वय बावीस. डाव्या हातावर गोंदण. सोबत चार वर्षांची मुलगी. नवऱ्याच्या नावाच्या जागी काही नाही.

भावाचा पहिला प्रश्न: “हे सगळ्यांना कशाला सांगायचं?”

मैत्रिणींनो, या प्रश्नासाठीच मी हा लेख लिहायला बसले. १८५० च्या दशकापासून मॉरिशसच्या बोटींवर पुरुषांच्या मानानं किती बायका हव्यात याचं प्रमाण सरकारनं ठरवून दिलं. मजूर बेटावर टिकून राहावा, म्हणून त्याच्यासाठी बायको हवी, असा मळेवाल्यांचा हिशोब. प्रमाण भरायला दलाल गावोगाव, देवळात, धर्मशाळेत एकट्या बायका हेरत. आणि त्याच बायका बोटीत चढल्या की साहेबांच्या अहवालात त्यांच्या चारित्र्यावर ताशेरे! मरीना कार्टर यांनी १९९४ साली मॉरिशसमधल्या भारतीय बायकांच्या अर्ज-जबान्यांवर एक पुस्तक काढलं, ‘लक्ष्मीज लेगसी’. त्यातल्या बायका नवरा शोधायला, मुलीला सोडवायला, मजुरीसाठी अर्ज करताना दिसतात. गायत्रा बहादूर यांनी २०१३ साली ‘कुली वूमन’मध्ये आपल्या पणजीचा शोध लिहिला. ती १९०३ साली कलकत्त्याहून गियानाला निघाली तेव्हा गरोदर होती आणि एकटी होती. म्हणजे ताईंची पणजी काही जगावेगळी नव्हती.

ती विधवा होती, टाकलेली होती, की स्वतःच निघून आलेली, हे वहीत नाही. अंदाज बांधायचा मोह मला फार होतो. कोकणातल्या अनेक जातींत तेव्हाही पाट लागत असे, त्यामुळे प्रत्येक विधवेची दुर्दशा ब्राह्मण विधवेच्या साच्यात बसवू नये. दुष्काळ असेल, सासर असेल, दलालाची थाप असेल. १९८८ साली संगमनेरला परित्यक्तांची परिषद झाली तेव्हा किती बायका माहेरच्या पडवीत दिवस काढतात हे आपल्याला दिसलं. सव्वाशे वर्षं आधी अशा बाईला पडवीही मिळाली नसेल तर बंदर होतं.

आता तिच्या कामाचं. मॉरिशसला आलेल्या बहुतेक बायकांशी मळेवाले करार करत नसत. त्या कुणाची तरी बायको, आई, मुलगी म्हणून वहीत चढत. शेण वेचलं, खुरपलं, वैरण कापली, मुलं वाढवली, पण पगाराच्या पुस्तकात त्या नाहीत. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या आपल्याकडच्या शेतकरी बाईला हे समजावून सांगावं लागणार नाही.

त्याच बेटावरच्या दुसऱ्या बायकांचा शोध याहून कठीण. मजूर येण्याआधी उसात राबणारे लोक गुलाम होते, आफ्रिका-मादागास्करहून आणलेले, काही हिंदुस्थानातूनही. फ्रेंच अमलातल्या १७२३ च्या कायद्यानं गुलाम बाईचं मूल आईच्या मालकाचं. त्या व्यवस्थेत आईचं नाव महत्त्वाचं ठरलं ते मालमत्तेसाठी. १८३५ साली मॉरिशसमधली गुलामी उठली तेव्हा ब्रिटिश सरकारनं भरपाई दिली मालकांना. साऱ्या वसाहतींचे मिळून दोन कोटी पौंड. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजनं ही भरपाई कुणाकुणाला मिळाली त्याची सूची सगळ्यांना पाहता येईल अशी ठेवली आहे. पणजी शोधायची तर आधी तिच्या मालकाचं नाव शोधा. ताईंच्या शाळेतल्या एका मैत्रिणीनं असाच शोध घेतला आणि मध्येच सोडून दिला.

ताईंच्या शोधात मी संगणकासमोर बसले तेव्हा एक गोष्ट खुपली. वंशावळी जुळवणारं जे संकेतस्थळ ती वापरत होती त्याचा फॉर्म आधी आडनाव मागतो. मजुरांना आडनावच नव्हतं. वहीत एक नाव आणि बापाचं एक नाव. पुढे त्या पुरुषाचं नाव हेच घराण्याचं आडनाव झालं. बाईचं नाव कारकुनानं कानाला लागलं तसं लिहिलेलं. एकाच नावाची चार रूपं आम्ही घालून पाहिली. जातीचा रकाना मात्र स्पष्ट, आणि नात्यातल्या काहींना नेमका तोच झाकायचा आहे. तिथल्या लग्नांत जात अजून विचारली जाते म्हणे. ताईंनी तो झाकला नाही. मला वाटतं तो झाकूही नये आणि मिरवूही नये.

गावाचं नाव ‘दाबोल’. दापोलीकडचं दाभोळ, संगमेश्वरातलं दाभोळे, की दाभिळ? आधी दाभोळ्याला गेलो. एका घरातल्या वडीलधाऱ्या गृहस्थांनी मोठ्या प्रेमानं वंशावळ काढून दाखवली. नऊ पिढ्या आणि त्यात एक बाई नाही. मुली नाहीत, सुना नाहीत. साहेबाच्या वहीनं माणसाला नंबर दिला, हा त्या वहीचा गुन्हा आहेच. पण ताईंची पणजी तिच्या नावानिशी त्या वहीत तरी सापडली. आमच्या कागदात ती असण्याची शक्यताच नव्हती. महाराष्ट्रात १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव सक्तीचं झालं, ते चांगलंच झालं. घरच्या वंशावळीला मात्र कुठला शासननिर्णय लागू नाही. ती आपणच हातात घ्यायला हवी. शिबिरात बायकांना आईकडच्या किती पिढ्यांची नावं येतात असं मी आता विचारते. आजीच्या पुढे सहसा कुणी जात नाही. मीसुद्धा पणजीशी अडखळले.

गृहस्थ म्हणाले, “आमच्यातली बाई एकटी बोटीत बसायची नाय.” आतून त्यांच्या आई चहा घेऊन आल्या होत्या. कप ठेवता ठेवता म्हणाल्या, “ग्येली असंल. ऱ्हाऊन तरी काय करील?”

ताईंनी त्या वाक्याचा अर्थ मला दोनदा विचारून घेतला आणि वहीत लिहिला. रात्री संगणकावरच्या वंशवेलीत पणजीला पणजोबांच्या शेजारी, तिच्या स्वतःच्या नंबरानिशी आणि बोटीनिशी बसवलं, मुलगीही जोडली. पहिल्या नवऱ्याच्या जागी काही लिहिलं नाही. पहाटे भावाचा फोन आला. दोघं क्रिओलमध्ये बराच वेळ बोलत होती, त्यातलं मला फक्त ‘दाभोळे’ कळलं. दाभिळला जायचं राहिलं. ताई जानेवारीत पुन्हा येणार आहे.